खाणारी तोंडं

शाळा बंद झाली तेव्हा वाटलं, माझं मोजणं संपलं.
अकरा वर्षं एकशे चाळीस पोरांचा भात रांधला,
रांगेत दोनदा कोण उभं राहतं ते पळीला पाठ होतं.
आता पळी खिळ्याला टांगलेली
आणि माझ्या हातात कागद:
घर क्रमांक. खाणारी तोंडं. एकवीसपैकी कितवा दिवस.

ब्रिमाच्या मोटारसायकलला मागे पोती बांधतो.
तांदूळ, घेवडा, लाल पामतेलाची बाटली,
मीठ, दोन साबण, क्लोरीनची पुडी,
आणि एक विजेरी. ती कुणी घातली, देव जाणे,
पण पोरं रात्री खेळतात तिच्याशी,
माझ्या ओट्यावरून दिसतं:
एक पांढरा ठिपका दोरीपर्यंत येतो
आणि मागे फिरतो.

दोरी निळी आहे, नायलॉनची.
कोंबड्यांना ती कळत नाही.

आमच्याकडे भेटल्यावर आधी विचारतात, शरीर कसं आहे?
समोरच्यानं म्हणायचं, देवाला धन्यवाद.
जन्मभर हेच बोलत आले,
उत्तरासाठी कधी थांबले नव्हते.
आता स्टुलावर पोतं ठेवते, दहा पावलं मागे सरते,
ओरडते, "शरीर कसं आहे?"
आणि थांबते.

दोन नंबरचा लांसाना भांडतो:
घेवडा जुना, तीन तास उकळला तरी दगड.
खरं आहे त्याचं. मीही शिजवून पाहिला.
पाच नंबरला कुणी बाहेर आलं नाही,
पण मागच्या गुरुवारचं पोतं स्टुलावर नव्हतं.
तेवढंच लिहिलं.

सहा नंबर. याता म्हातारीचं घर. कागदावर सात.
"वांडी गेला," ती म्हणाली, "मंगळवारी.
पांढऱ्या कपड्यातली माणसं घेऊन गेली.
मला तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही त्याचं."
मी सातावर रेघ मारली. सहा लिहिलं.
"आणि न्यांदा बाळंत झाली. काल पहाटे.
मुलगी."
सहावर रेघ मारली. सात.

केनेमाहून आलेल्या साहेबांनी संध्याकाळी कागद पाहिला.
मागच्या आठवड्यात सात, या आठवड्यात सात.
"छान," म्हणाले, "बदल नाही."
आणि तसंच उतरवून घेतलं.

मी पहिल्या वर्षी रांधायला लागले तेव्हा
वांडी चौथीत होता.
त्याला वरचा मऊ भात नको असायचा,
तळाची खरवड हवी, करपलेली,
ती काढताना पातेलं वाजायचं
आणि सगळा वर्ग हसायचा.
आता त्याच्या वाटणीचा तांदूळ
जिला दात नाहीत, अजून नावही नाही,
तिच्या नावावर.
असो. न्यांदा खाईल, तेच उतरेल.

निघताना याता मागून ओरडली होती,
"जेबे, मिरची का नाही पाठवत गं कुणी?
बाळंतिणीला मी नुसतं मीठ पाजू?"
मिरचीला कागदावर रकाना नाही.
साहेबांना विचारलं तर म्हणतील, वरून आलं पाहिजे.
परसातली तोडली, लाल, बोटाच्या पेराएवढी,
केळीच्या पानात बांधून साबणाखाली दडपली
पुढच्या गुरुवारी.

पोतं आत गेलं. आम्ही उरलेली घरं करून
परत सहा नंबरवरून आलो तेव्हा धूर होता.
आणि ठसका. मोठा, कोरडा, लागोपाठ तीनदा.
झाडाखालचा पोलीस उभा राहिला,
त्याचा हात फोनकडे.
ब्रिमानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.
मी ओरडले, "शरीर कसं आहे?"

बराच वेळ काही नाही.
मग न्यांदा दारात आली, पोर पाठीला,
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
हातातली वाटी वर धरून:
"मिरची! अगं नुसती मिरची आहे!"
आतून अजून एक ठसका, म्हातारीचा,
आणि शिवी, तीही म्हातारीचीच.

पोलीस पुन्हा बसला.
ब्रिमा किक मारायचं विसरून हसत राहिला.
मी कागद मांडीवर घेतला:
घर सहा. तोंडं सात.
वांडी गेल्यावर त्यांचे दिवस पुन्हा एकपासून धरलेत.
आज नववा.